ग्रंथाकडून वाटेकडे : प्रवासाला प्रवृत्त करणाऱ्या वाङ्मयाचा विचार

१

प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराची चर्चा मराठीत पुष्कळ झाली आहे. लेखकाने काय पाहिले, कोणत्या दृष्टीने पाहिले, पाहिलेले कोणत्या शैलीत मांडले, हे प्रश्न त्या चर्चेत प्रामुख्याने येतात. या सर्व प्रश्नांचा रोख लेखकाकडे असतो. पुस्तक मिटल्यावर वाचकाने काय केले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वस्तुतः काही ग्रंथांच्या बाबतीत तोच सर्वांत महत्त्वाचा प्रश्न ठरतो. कारण त्या ग्रंथांनी वाचकाला घराबाहेर काढले आहे, डोंगर चढायला लावले आहे, नदीकाठाने चालवले आहे.

असे ग्रंथ आणि प्रवासवर्णने यांत भेद केला पाहिजे. उत्तम प्रवासवर्णन वाचकाला पुष्कळदा प्रवासातून मुक्त करते. लेखकाने सारे पाहून, सारे सांगून टाकलेले असते आणि वाचक घरबसल्या तृप्त होतो. पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ १९६० साली ग्रंथरूपाने आले, तेव्हा ते वाचणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना परदेशगमनाची शक्यता होती. त्या पुस्तकाने बहुसंख्य वाचकांना प्रवासाऐवजी प्रवासाचा आनंद दिला, आणि ते कार्य काही लहान नव्हे. उलटपक्षी, ज्यांना रूढ अर्थाने प्रवासवर्णन म्हणता येणार नाही अशा पोथ्या, कादंबऱ्या, ललित लेख, फार काय पाककृतींचे संग्रहदेखील वाचकाला अस्वस्थ करतात आणि एखाद्या स्थळाकडे ओढून नेतात. प्रेरणेचे हे सामर्थ्य कशातून येते, याचा शोध घेण्यासारखा आहे.

या शोधाचा आरंभ भारतीय वाङ्मयात ‘मेघदूता’पासून करणे सयुक्तिक ठरेल. शापामुळे रामगिरीवर अडकलेला यक्ष अलकेला जाऊ शकत नाही, म्हणून तो मेघाला वाट सांगतो. पूर्वमेघाचा फार मोठा भाग म्हणजे ही वाटच होय. आम्रकूट, रेवा, विदिशा, उज्जयिनी, दशपूर, कुरुक्षेत्र, कनखल आणि कैलास अशी ती उत्तरेकडे चढत जाते. यातील उज्जयिनीचा प्रसंग विशेष बोलका आहे. ती सरळ वाटेवर नाही, तिच्यासाठी वाकडी वाट करावी लागेल, हे यक्ष स्वतःच कबूल करतो आणि तरीही तेथे जाच असा आग्रह धरतो. वस्तुतः त्याला निरोप पोहोचवण्याची घाई असावयास हवी. पण स्थळाविषयीचे प्रेम घाईवर मात करते.

येथे प्रवासप्रेरक वाङ्मयाचे मूळ लक्षण सापडते. ज्याला स्वतःला जाता येत नाही तो दुसऱ्याला पाठवतो. सांगणारा आणि स्थळ यांच्यामध्ये ताटातूट असते. ही ताटातूट कधी शापाची असते, कधी वयाची, कधी काळाची. तिच्यामुळे वर्णनात एक रिकामी जागा राहते आणि ती भरण्यासाठी ऐकणाऱ्याला उठावे लागते. यक्षाचा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, असे म. म. वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले. इतर विद्वानांनी अन्य स्थळेही सुचवली आहेत. वादाचा निर्णय काहीही असो, एका काव्याने दीड हजार वर्षांनंतरही विद्वानांना आणि रसिकांना टेकड्या धुंडाळायला लावले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

२

मराठी वाङ्मयाच्या अगदी आरंभकाळातच प्रवासासाठी रचलेला एक विलक्षण ग्रंथ आढळतो. तो म्हणजे महानुभाव पंथाची ‘स्थानपोथी’. तिचे महत्त्व समजण्यासाठी ‘लीळाचरित्रा’पासून सुरुवात करावी लागते. सर्वज्ञ श्रीचक्रधरांच्या प्रयाणानंतर तेराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा एकत्र केल्या. ज्यांनी स्वामींना पाहिले, त्यांचे बोलणे ऐकले, अशा माणसांना गाठून, त्यांना विचारून हे चरित्र सिद्ध झाले. म्हणजे मराठीतील हा आद्य गद्यग्रंथच पायपिटीतून जन्मास आला. स्वामी सतत भ्रमण करीत असल्यामुळे प्रत्येक लीळेला गाव आहे आणि गावात देऊळ, ओटा, झाड, नदीकाठ असे निश्चित ठिकाण आहे.

चौदाव्या शतकातील ‘स्थानपोथी’ने या ठिकाणांचीच नोंद केली. तिची शैली कमालीची कोरडी आहे. अमुक गावी अमुक देऊळ, त्याचे दार कोणत्या दिशेस, त्यापासून कोणत्या बाजूस दुसरे स्थान, तेथे स्वामी बसले की निजले, अशा स्वरूपाचा तिचा तपशील असतो. रम्यतेचे वर्णन नाही, भावनेचा उद्रेक नाही. आधुनिक वाचकाला ही एखाद्या मोजणीदाराची नोंदवही वाटावी. परंतु ज्या अनुयायासाठी ती लिहिली गेली, त्याच्या दृष्टीने तिच्यातील प्रत्येक दिशा म्हणजे एक हाक होती. पंथाच्या आचारधर्मात स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक या चार गोष्टींना ईश्वराशी संबंध जोडणाऱ्या वस्तू म्हणून मान आहे, आणि अटन म्हणजे भ्रमण हा साधकाच्या जीवनक्रमाचाच भाग आहे. ईश्वर देहाने दूर गेला, पण तो जेथे बसला ती भूमी राहिली. तिला स्पर्श करावयाचा तर ती नेमकी कोठे, हे कळले पाहिजे. ‘स्थानपोथी’चा कोरडेपणा या गरजेतून आला आहे.

या कोरडेपणामुळेच ग्रंथ टिकाऊ ठरला. पुढील शतकांत देवळे पडली, गावे हलली, नद्यांनी काठ बदलले. अशा वेळी पोथीतील दिशांच्या आधारे स्थाने पुन्हा शोधणे, ओटे बांधणे, जीर्णोद्धार करणे हे कार्य पंथीयांनी केले. वि. भि. कोलते यांनी ‘स्थानपोथी’चे संपादन केल्यावर ती अभ्यासकांनाही उपलब्ध झाली आणि यादवकालीन महाराष्ट्राच्या भूगोलाचे व स्थापत्याचे एक साधन म्हणून तिचे मोल वाढले.

या प्रकरणाची आणखी एक बाजू मराठी प्रदेशाबाहेरची आहे. महानुभाव पंथ पंजाबातही पोहोचला आणि तेथे तो जयकृष्णी पंथ या नावाने ओळखला गेला. तेथील साधकांनी धर्मग्रंथांची भाषा म्हणून मराठी जपली. पंजाबी मातृभाषेच्या एखाद्या अनुयायाला रिद्धपूर, पैठण, फलटण, माहूर ही नावे प्रथम पोथीत भेटतात आणि मग तो त्या गावांच्या यात्रेला निघतो. त्याच्यासाठी महाराष्ट्र हा आधी वाचलेला आणि नंतर पाहिलेला देश असतो. ग्रंथाने देश निर्माण केल्याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

३

चालणे हा प्रवासाचा सर्वांत जुना आणि ग्रंथांशी सर्वांत जवळचा प्रकार होय. चालण्याचा वेग आणि वाचण्याचा वेग यांत काही नाते आहे. दोन्हींत पुढचे दृश्य एकदम दिसत नाही. वळण ओलांडल्यावरच ते उलगडते. भारतीय भाषांत चालण्याला प्रवृत्त करणारे वाङ्मय विपुल आहे. प्रबोधकुमार सान्याल यांच्या ‘महाप्रस्थानेर पथे’ (१९३३) या पुस्तकाने केदार-बद्रीच्या पायवाटेची ओढ बंगाली वाचकांच्या मनात रुजवली. साताऱ्यात जन्मलेल्या आणि गुजरातीत लिहिणाऱ्या काका कालेलकरांच्या हिमालयविषयक लेखनाने गुजराती वाचकांच्या बाबतीत तेच केले. राहुल सांकृत्यायन यांनी तर १९४८ साली हिंदीत ‘घुमक्कड़ शास्त्र’ लिहून भटकंतीला शास्त्राचाच दर्जा दिला आणि त्यात स्त्रियांच्या भटकंतीचा स्वतंत्र विचार केला.

मराठीत या संदर्भात गो. नी. दांडेकर यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. लहान वयात घर सोडलेल्या दांडेकरांनी नर्मदेची परिक्रमा केली होती. त्या अनुभवावर आधारलेले ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले. नर्मदा सुमारे १३१२ किलोमीटर लांबीची. परिक्रमेत ती सतत उजव्या हाताला ठेवावयाची, कोठेही ओलांडावयाची नाही, एका तीराने सागरसंगमापर्यंत जाऊन दुसऱ्या तीराने परतावयाचे, चातुर्मासात एके ठिकाणी थांबावयाचे आणि वाटेत मिळेल त्या भिक्षेवर निर्वाह करावयाचा, असा परंपरेचा नियम. शास्त्रोक्त परिक्रमेस तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस लागतात असे मानले जाते. दांडेकरांच्या पुस्तकात या नियमांची यादी नाही. तेथे एक अस्वस्थ तरुण आहे, त्याला वाटेत माणसे भेटतात, आणि या भेटींतून परिक्रमा उलगडत जाते. पण वाचकाला जाणवते ते असे की, ही वाट अजून आहे आणि ती कोणासाठीही मोकळी आहे. शीर्षकातील ‘कुणा एकाची’ हे शब्दच अर्थपूर्ण आहेत. प्रवासी अनाम ठेवल्यामुळे त्याच्या जागी वाचक स्वतःला उभे करू शकतो.

पुढे जबलपूरचे चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड यांनी हाच नदीकाठ वेगळ्या रीतीने वाचकांसमोर ठेवला. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे शिकलेल्या वेगडांनी १९७७ साली, वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर, नर्मदेकाठची पदयात्रा आरंभिली आणि ती वर्षानुवर्षे टप्प्याटप्प्याने चालू ठेवली. गुजराती व हिंदी अशा दोन्ही भाषांत त्यांनी लिहिले. ‘सौंदर्यानी नदी नर्मदा’ या त्यांच्या गुजराती पुस्तकास २००४ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. त्यांच्या लेखनाचा परिणाम असा की, संसारी, नोकरदार माणसालाही ही वाट साध्य वाटू लागली. सलग तीन वर्षे देणे शक्य नसेल तर पंधरा दिवस द्यावेत. मोक्षाची आस नसेल तर सौंदर्याची असावी. मराठीत एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’ने पुन्हा श्रद्धेचा आणि साधनेचा स्वर लावला, आणि त्यानंतर परिक्रमेस निघणाऱ्या मराठी माणसांत ते पुस्तक वाचून निघालेले पुष्कळ होते. तीन लेखकांनी एकाच नदीकाठावर वाचकाला पाठवले, परंतु एकाने त्याला माणसे पाहायला पाठवले, दुसऱ्याने सौंदर्य आणि तिसऱ्याने देव.

दुर्गभ्रमणाच्या बाबतीतही दांडेकरांचे ऋण मोठे आहे. ‘दुर्गभ्रमणगाथा’ (१९८३) ही त्यांच्या गडावरील वास्तव्यांची कथा. परंतु तिच्या कितीतरी आधी ‘माचीवरला बुधा’ या छोट्या कादंबरीने राजमाचीकडे पावले वळवली होती. मुंबईच्या गिरणीतील आयुष्य मागे टाकून एक म्हातारा माचीवरच्या आपल्या मूळ जागी परततो आणि झाडे, पाखरे, प्राणी यांच्या सोबतीने उरलेले दिवस काढतो, एवढेच तिचे कथानक. तीत लढाई नाही, इतिहासाचा जयघोष नाही. गड म्हणजे केवळ पराक्रमाचे स्मारक, या समजुतीला या पुस्तकाने शांतपणे छेद दिला आणि गड ही राहण्याची, पाहण्याची, गप्प बसण्याची जागा आहे हे दाखवले. २०२५ च्या जुलै महिन्यात राजगड, रायगड, साल्हेर यांच्यासह महाराष्ट्रातील अकरा आणि तमिळनाडूतील जिंजी अशा बारा किल्ल्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. या मान्यतेच्या मागे इतिहाससंशोधकांचे परिश्रम आहेतच. पण सामान्य वाचकाच्या मनात किल्ल्यांविषयी आपलेपणा निर्माण करण्याचे काम त्यापूर्वी कित्येक दशके ललित वाङ्मयाने केले होते.

चालण्याच्या वाङ्मयाचा विचार इरावती कर्वे यांच्या ‘वाटचाल’ या लेखाशिवाय पुरा होणार नाही. पंढरीच्या वारीत चालताना आलेला हा अनुभव १९६२ मध्ये इंग्रजीतून अमेरिकेतील एका विद्वन्मान्य नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि महाराष्ट्राबाहेरच्या अभ्यासकांना वारीकडे वळवणाऱ्या लेखनात त्याने महत्त्वाचे स्थान मिळवले. त्याचे वैशिष्ट्य असे की, तो वारीचे गोडवे गाऊन थांबत नाही. एकाच दिंडीत चालणारे, एकच अभंग म्हणणारे लोक जेवणाच्या वेळी जातीनुसार वेगळे होतात, ही वेदना लेखिका लपवीत नाही. स्तुतीपेक्षा अशा प्रामाणिकपणातच प्रेरणा अधिक असते. ज्याला वारी निर्दोष आहे असे सांगितले जाते तो ती दुरून नमस्कारून मोकळा होतो. ज्याला ती माणसांची, म्हणून गुणदोषांसह खरी आहे असे कळते, त्याला ती स्वतः पाहावीशी वाटते.

४

पाकशास्त्राचे ग्रंथ प्रवासाला प्रवृत्त करतात, हे विधान प्रथम विचित्र वाटेल. पाककृतींचा हेतूच मुळी पदार्थ घरी करता यावा हा असतो. परंतु थोडा विचार करता दिसते की, या ग्रंथांचा प्रवासाशी दुहेरी संबंध आहे.

पहिला संबंध दूर गेलेल्या माणसाचा. सतराव्या शतकातील रघुनाथ नवहस्त (नवाथे) यांनी ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ रचला. प. कृ. गोडे यांनी दाखवल्याप्रमाणे तंजावरच्या मराठी राजघराण्यातील राणी दीपाबाई यांचा त्यांना आश्रय होता. या संस्कृत ग्रंथात खाद्यपदार्थांची मराठी नावे येतात. कावेरीच्या काठी, भाताच्या मुलखात, देशावरच्या पदार्थांची ही नोंद होणे हा निव्वळ योगायोग मानता येणार नाही. माणसे दूर जातात तेव्हा पदार्थ लिहून ठेवण्याची गरज निर्माण होते. घरात आई-आजी असेपर्यंत ती भासत नाही. विसाव्या शतकात लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ (१९१०) आणि कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ (१९७०) ही पुस्तके घरोघर पोहोचली. त्यांतील ‘रुचिरा’ तर परगावी अथवा परदेशी निघालेल्या मुलीच्या सामानात हमखास ठेवली जाई. वाटीचे आणि चमच्याचे सोपे माप देणारे हे पुस्तक बोस्टनच्या अथवा भिलाईच्या स्वयंपाकघरातून माणसाला तात्पुरते घरी आणीत असे. हा उलट्या दिशेचा प्रवास होय.

दुसरा संबंध याहून सूक्ष्म आहे. पाककृती जितकी नेमकी, तितकी ती आपली मर्यादा उघड करते. माशाच्या आमटीत तिरफळे घालावीत असे पुस्तक सांगते. पण ज्या वाचकाने कोकणात अथवा गोव्यात कधी तिरफळाचा वास घेतला नाही, त्याच्यासाठी तो शब्द म्हणजे बंद दार. आमसुलाऐवजी चिंच, ओल्या नारळाऐवजी सुके खोबरे, अशा तडजोडी करता येतात, पण प्रत्येक तडजोड मूळ स्थळाची आठवण करून देते. खानदेशातील वांग्याचे भरीत कृती वाचून कोठेही करता येईल; परंतु ती वांगी, तुराट्यांचा तो जाळ आणि थंडीतील शेत पुस्तकात बांधून देता येत नाही. हुरड्याची गोष्ट तर आणखी निराळी. त्याला पाककृती अशी नाहीच. ज्वारीचे कोवळे कणीस आगटीत भाजावयाचे आणि तेथेच चोळून खावयाचे. दाणे कोवळे असण्याचे दिवस थोडे. येथे ग्रंथ एवढेच सांगू शकतो की पौषाच्या सुमारास शेतावर जा.

दुर्गा भागवतांच्या ‘खमंग’सारख्या लेखनाचे महत्त्व या दृष्टीने पाहावे. पदार्थाकडे लोकसंस्कृतीचा अंश म्हणून पाहण्याची सवय लागली की, वाचकाच्या मनात प्रश्न उभे राहतात. हा पदार्थ याच ठिकाणी का? येथली जमीन कोणती, पाऊस किती, सणवार कोणते? चव हा भूगोलाचा सर्वांत जवळचा पुरावा आहे, आणि पुरावा तपासण्यासाठी जागेवर जावे लागते.

५

कादंबरीची प्रेरणा सर्वांत गूढ म्हटली पाहिजे, कारण ती ज्या स्थळाकडे नेते ते पुष्कळदा अस्तित्वातच नसते. तरीही वाचक जातात. कल्कींची ‘पोन्नियिन् सेल्वन’ ही तमिळ कादंबरी १९५० ते १९५४ या काळात ‘कल्कि’ साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिचा आरंभ वीरनारायण सरोवराच्या काठावर होतो आणि वंदियदेवन हा तरुण घोडेस्वार तेथून कुंभकोणम्, तंजावर, पळैयारै, कोडिक्करै असा फिरत लंकेपर्यंत जातो. कल्कींनी स्वतः चित्रकार मणियम यांच्यासह लंकेला जाऊन स्थळे पाहिली होती. ज्या भूगोलावर कथा उभी आहे तो खरा असल्यामुळे आजही वाचकांचे गट कादंबरी हाती घेऊन वंदियदेवनाच्या वाटेने जातात. चोळांचा इतिहास शिलालेखांत होताच; तो चालण्याजोगा झाला तो कादंबरीमुळे.

सत्यजित राय यांच्या ‘सोनार केल्ला’ (१९७१) या किशोरकादंबरीचे, आणि १९७४ साली त्यांनीच काढलेल्या चित्रपटाचे, उदाहरण याहून आश्चर्यकारक आहे. पूर्वजन्म आठवणाऱ्या एका मुलाची ही रहस्यकथा बंगाली वाचकाला थेट जैसलमेरच्या वाळवंटात घेऊन गेली. तेव्हापासून त्या बाराव्या शतकातील किल्ल्यावर बंगाली प्रवाशांची रीघ लागली. किल्ल्यातील एक पडके घर कथेतील मुलाचे घर म्हणून दाखवण्यात येते. कल्पित पात्राला खरे घर मिळाले! यात हसण्यासारखे काही नाही. रामटेकला यक्षाचा डोंगर म्हणून पाहणे आणि जैसलमेरला मुकुलचे घर पाहणे यांत तत्त्वतः फरक नाही.

मल्याळम्‌मधील ओ. व्ही. विजयन यांच्या ‘खसाक्किन्टे इतिहासम्’ (१९६९) या कादंबरीतील खसाक् हे गाव नकाशावर नाही. पण पालक्काडजवळच्या तसराक् या खेड्यात विजयन यांनी काही काळ घालवला होता, आणि त्यांची बहीण तेथील एकशिक्षकी शाळेत होती. आज तेथे विजयन यांचे स्मारक आहे आणि वाचक खसाक् शोधीत तसराक्‌ला येतात. मराठीत व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’शी (१९५५) याची तुलना होऊ शकेल. तेथेही एक तरुण शिक्षक पायी चालत एका धनगरवाडीत येतो. तेथेही गाव कल्पित असून माणदेश खरा आहे. आटपाडी तालुक्यातील लेंगरेवाडी हे त्याचे मूळ मानले जाते. परंतु ‘बनगरवाडी’ वाचून माणदेशात जाणाऱ्याला तेथे पाहण्यासारखे, रूढ अर्थाने, काहीच मिळणार नाही. उघडे माळ, विरळ बाभळी, मेंढरांची धूळ एवढेच. अशा भूमीविषयी ओढ निर्माण करणे हे या कादंबरीचे यश. ज्या स्थळाला प्रवासी मार्गदर्शिकेत जागा नाही त्याला वाचकाच्या मनात जागा मिळवून देणे, हे कार्य कथात्म वाङ्मयाखेरीज दुसरे कोणी करीत नाही.

६

आतापर्यंतच्या विवेचनावरून हे प्रवासप्रेरक ग्रंथ स्थळांचे केवळ हितच करतात असा समज होऊ नये. वाचक एकटा निघतो, पण ग्रंथ लोकप्रिय झाला की त्याच्या मागोमाग हजारो निघतात. बुधाला जी माची एकांतासाठी हवी होती, ती काजव्यांच्या दिवसांत गर्दीने भरून जाते. भिक्षेवर आणि पायी करावयाची परिक्रमा बसमधून अल्पावधीत उरकली जाते. तिच्या वाटेवरील गावकऱ्यांनी शतकानुशतके पाळलेला अन्नदानाचा धर्म, येणाऱ्यांची संख्या वाढली की, त्यांच्यावर ओझे होऊन बसतो. ग्रंथ वाचकाला स्थळ देतो, परंतु त्या स्थळी राहणाऱ्या माणसाला काय देतो, हा प्रश्न लेखकाने नाही तरी वाचकाने स्वतःला विचारलाच पाहिजे.

याहून गंभीर प्रश्न स्थळच नाहीसे होण्याचा आहे. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची ‘आरण्यक’ ही बंगाली कादंबरी १९३९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तिचा निवेदक बिहारमधील एका जंगली जमीनदारीचा व्यवस्थापक असतो. हे अरण्य तोडून तेथे कुळे वसवणे हेच त्याचे काम. अरण्याच्या प्रेमात पडलेला माणूस स्वतःच्या हाताने ते नष्ट करतो आणि मग त्याची कथा लिहितो. वाचकाला त्या वनाची अनावर ओढ लागते, आणि त्याच वेळी ते आता कोठेही नाही हे कळते. दांडेकरांच्या ‘पडघवली’तील (१९५५) कोकणी गावाचा ऱ्हासही याच जातीचा आहे, तेथे गाव जागेवर राहते, पण त्यातील जीवन ओसरत जाते.

नर्मदेच्या बाबतीत ही गोष्ट कादंबरीतून इतिहासात उतरली. सरदार सरोवर धरणाचे लोकार्पण १७ सप्टेंबर २०१७ रोजी झाले, आणि २०१९ च्या सप्टेंबरमध्ये जलाशय प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरला. शूलपाणीच्या झाडीतील जुनी वाट, काठावरची कित्येक मंदिरे, घाट, वस्त्या आणि शेते पाण्याखाली गेली. महाराष्ट्र, मध्यप्रदेश आणि गुजरात या तिन्ही राज्यांतील काठच्या लोकांना, त्यांत बहुसंख्य आदिवासींना, आपली गावे सोडावी लागली. दांडेकर आणि वेगड ज्या पायवाटेने गेले तिचा मोठा भाग आज कोणालाही चालता येणार नाही. परिक्रमावासी आता जलाशयापासून दूरच्या, उंचावरच्या रस्त्याने जातात.

या घटनेमुळे या ग्रंथांचे स्वरूपच पालटले. जे पुस्तक वाचकाला नदीकाठी पाठवण्यासाठी लिहिले गेले होते, ते आता त्या काठाचे एक साक्षीदार झाले. त्यातील लहानसा तपशील, कोणत्या गावी कोणत्या झाडाखाली मुक्काम झाला, कोणी भाकरी दिली, पाणी कोठून आणले, पुरावा म्हणून मोलाचा ठरला. ‘स्थानपोथी’च्या कोरड्या नोंदींचा अर्थ येथे नव्याने उमगतो. तिच्या कर्त्याला ठाऊक असावे की देवळे पडतील, माणसे विसरतील. म्हणून त्याने दाराची दिशाही लिहून ठेवली. वर्णनाची सुंदरता काळाबरोबर फिकी पडू शकते. नेमकेपणा मात्र काळ जाईल तसा अधिक मौल्यवान होत जातो.

प्रवासाला प्रवृत्त करणाऱ्या ग्रंथाची कसोटी यावरून ठरवता येईल. तो वाचकाला किती वेगाने घराबाहेर काढतो, ही कसोटी पुरेशी नाही. ते काम जाहिरातही करते. वाचक स्थळी पोहोचल्यावर ग्रंथ त्याला काय पाहायला शिकवतो, यावर त्याचे मोल अवलंबून असते. ‘वाटचाल’ वाचून वारीला गेलेला माणूस पंगतीतील अंतर पाहिल्याशिवाय राहणार नाही. ‘बनगरवाडी’ वाचून माणदेशात गेलेला माणूस पावसाचा हिशेब विचारील. वेगडांच्या मागोमाग नर्मदेवर गेलेला माणूस जलाशयाच्या शांत पृष्ठभागाकडे पाहून खाली काय होते हे जाणून घेऊ इच्छील. यक्षाने मेघाला वाट सांगितली तेव्हा वाटेतील नदीला पाणी द्यावे, श्रमलेल्या फुलवेचणाऱ्या स्त्रियांना क्षणभर सावली द्यावी, असेही त्याने सुचवले होते. वाट आणि वाटेवरचे कर्तव्य ही दोन्ही एकाच श्वासात सांगणारा ग्रंथच वाचकाला खऱ्या अर्थाने प्रवासी करतो.